झूम करणं आणि जवळ जाणं

मागच्या रविवारी आत्याला घेऊन आम्ही लक्ष्मीविलास पॅलेसला गेलो. बडोद्यात जन्म काढला तरी घरी पाहुणे आल्याशिवाय तिकडे पाय वळत नाहीत, हे इथल्या बहुतेक मराठी घरांचं दुखणं आहे. पॅलेससमोर आत्याचे दोन फोटो निघाले, एक भाचीने काढलेला आणि एक मी. दोन्हींत आत्या डोक्यापासून चपलांपर्यंत पूर्ण आणि अगदी सारख्याच उंचीची. पण भाचीच्या फोटोत पॅलेस आत्याच्या खांद्यामागे कुठेतरी आगपेटीएवढा, आणि माझ्या फोटोत त्याचा मनोरा आत्याच्या पाठीशी येऊन उभा राहिल्यासारखा.

"मामा, तुझा फोन महाग आहे ना, म्हणून," भाची म्हणाली. पण दोन्ही फोटो एकाच फोनवर काढले होते.

फरक एवढाच होता की ती आत्यापासून दोन मीटरवर उभी होती. मी दहा मीटरवर गेलो आणि पाचपट झूम केलं. नव्याने फोटो काढू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की लांब उभं राहून झूम करणं म्हणजे जवळ जाण्याचंच आळशी रूप. पाय वाचतात, काम तेच. माझाही कित्येक वर्षं हाच समज होता, आणि त्यापायी बरेच फोटो वाया गेले.

झूम करताना लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) वाढते आणि दृश्याचा कोन अरुंद होतो. जुन्या 35 मिमी फिल्मच्या हिशेबात 24 मिमीची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे 84 अंश बघते, 50 मिमीची 47 आणि 200 मिमीची जेमतेम 12. म्हणजे तुम्ही जिथे आहात तिथेच आहात, फक्त मोठ्या खिडकीतून बघण्याऐवजी आता दाराच्या फटीतून बघताय. फटीत जे दिसतं ते सगळं एकाच प्रमाणात मोठं होतं. आत्या पाचपट, पॅलेस पाचपट, मधलं झाड पाचपट. त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं होतं तसंच राहतं.

पाय हलले की नातं बदलतं. वस्तू फोटोत किती मोठी दिसणार हे तिच्या अंतरावर ठरतं. अंतर दुप्पट झालं की आकार निम्मा. आता आकडे घालून बघू. समजा पॅलेस आत्याच्या मागे 300 मीटरवर आहे. भाचीपासून आत्या 2 मीटर, पॅलेस 302 मीटर, म्हणजे पॅलेस आत्याच्या 151 पट लांब. माझ्यापासून आत्या 10 मीटर, पॅलेस 310, म्हणजे फक्त 31 पट लांब. आठ मीटर मागे सरकलो तर आत्याचं अंतर पाचपट झालं, पण पॅलेसला त्या आठ मीटरांचा पत्ताही लागला नाही. मग पाचपट झूम करून मी आत्याला मूळ उंचीवर आणलं. त्याच झूममध्ये पॅलेस मात्र जवळजवळ पाचपट वाढला, कारण मागे जाण्यात त्याचं काही कमी झालंच नव्हतं. त्या फोटोतली सगळी जादू पायांची आहे. झूमने फक्त चौकट आवळली.

इथेच एक लाडका गैरसमज बसलेला आहे: "टेलिलेन्स (म्हणजे लांब पल्ल्याची लेन्स) मागचं दृश्य जवळ खेचते." फोटोवाल्यांच्या अड्ड्यावर हे वाक्य पन्नासदा ऐकाल. पटत नसेल तर घरी करून बघा. गच्चीवर एकाच जागी उभं राहा. आधी बिनझूमचा फोटो काढा, मग पाच एक्सचा. आता पहिल्या फोटोचा मधला तेवढाच तुकडा कापून मोठा करा. कापलेला फोटो धूसर असेल, दाणेदार असेल, पण टाकी, अँटेना आणि मागची इमारत यांची मांडणी तंतोतंत तीच निघेल. लेन्सने काही खेचलेलं नाही. तुम्ही लांब आहात, म्हणून मागचं-पुढचं दाटीवाटीने दिसतंय, एवढंच. चित्रकलेच्या वर्गात ज्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात ते डोळ्याच्या जागेवर ठरतं, काचेवर नाही.

बडोद्यात हे शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे लहेरीपुरा दरवाजा ते मांडवी हा रस्ता. जुन्या शहराच्या चार दिशांना चार दरवाजे आणि मध्यभागी मांडवी ही कमानींची जुनी इमारत, त्यामुळे रस्ता सरळ नजरेत येतो. लहेरीपुऱ्याच्या बाजूला उभं राहून लांबवर झूम करा. स्कूटर, हातगाड्या, दुकानांच्या पाट्या, साड्यांच्या गठ्ठ्यांमागे मांडवीच्या कमानी, सगळं एकावर एक रचून ठेवल्यासारखं येईल. गर्दी आहे त्याच्या दुप्पट वाटेल. वर्तमानपत्रांत सणाच्या बाजारपेठेचे जे फोटो येतात, त्यांतले बरेच असेच काढलेले असतात. खोटे नसतात, पण लांबून घेतलेले असतात. मग झूम सोडून त्याच गर्दीत शिरा. एखाद्या हातगाडीपासून एक मीटरवर थांबा. आता गाडीवरच्या बांगड्या अर्धी चौकट व्यापतील, त्यांच्या मागे माणसं झपाट्याने लहान होत जातील आणि मांडवी लांब, इवलीशी. बाजार तोच असतो, पण पहिल्या फोटोत आपण तो बघतो आणि दुसऱ्यात त्याच्यात उभे असतो.

यातलं बरोबर कोणतं, असं काही नाही. पण काय सांगायचंय ते आधी ठरवायला हवं, आणि नेमकं तेच झूमची कळ दाबताना आपण टाळतो.

माझी अद्दल गरब्यातली आहे. मी हौसेने 70-300 मिमीची लेन्स घेतली होती आणि नवरात्रात ती गळ्यात अडकवून मैदानाच्या कडेला उभा राहिलो. तीन तास फोटो काढले. घरी आल्यावर बघतो तर चणियाचोळीच चणियाचोळी, रंगांची नुसती भिंत. पुढची मुलगी आणि दहा मीटर मागची मुलगी जवळपास सारख्याच मापाच्या. बडोद्याचा गरबा म्हणजे एकात एक फिरणारी प्रचंड वर्तुळं. माझ्या फोटोंत वर्तुळाचा मागमूस नव्हता. वर्तुळ दिसायला जवळचा हात मोठा आणि पलीकडचा लहान दिसावा लागतो, आणि त्यासाठी जवळ कुणीतरी असावं लागतं. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाचा साधा फोन घेऊन वर्तुळाच्या काठाशी खाली बसलो. दोनदा दांडी लागता लागता वाचली. पण त्या रात्रीच्या एका फोटोत पुढे एक उघडा तळहात आहे आणि त्याच्यामागे सगळं मैदान वळत गेलंय. तीनशे मिमीची लेन्स तेव्हापासून बहुतेक कपाटात असते.

चेहऱ्यांच्या बाबतीत उलट होतं. तिथे फार जवळ जाणं महागात पडतं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण 12 सेंटिमीटर धरा. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 42 वर. म्हणजे कानांच्या मानाने नाक 40 टक्के मोठं येणार. दीड मीटरवर गेलात तर तोच फरक 8 टक्क्यांवर येतो. आत्याने भाचीच्या सेल्फीत स्वतःला बघून "अगं, माझं नाक एवढं कधी झालं?" असं विचारलं, त्याचं उत्तर हे आहे. स्टुडिओवाले चेहऱ्यासाठी 85 किंवा 105 मिमीची लेन्स वापरतात, ती नाक लहान करते म्हणून नाही. ती लावली की चौकट भरायला दीड-दोन मीटर मागे जावंच लागतं, म्हणून. दोन मीटरवर उभं राहून दोन किंवा तीन एक्स झूम करा, फोनवरही तेच काम होतं.

आता फोनच्या झूमचं थोडं, कारण त्यात आणखी एक गोंधळ आहे. खरी झूम म्हणजे भिंगं हलतात किंवा फोन दुसऱ्या, लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्यावर जातो. नुसतं बोटांनी चिमटा काढून ताणलेलं झूम बहुतेक वेळा कापाकापी असते. 50 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर दोन एक्स कापलं तर 12.5 उरतात, ते चालून जातं. दहा एक्स कापलं तर उरतो अर्धा मेगापिक्सेल. बाकीचं फोन अंदाजाने रंगवतो. शिवाय अंधारात बरेच फोन तीन किंवा पाच एक्स निवडलं तरी गुपचूप मुख्य कॅमेऱ्यानेच काढून कापून देतात. बोट हलकेच त्या लेन्सवर ठेवा. पडद्यावर काळोख झाला नाही तर समजायचं की ती लेन्स कामावर आलेलीच नाही. हातात कॅमेरा असेल तर हात हलण्याचाही हिशेब ठेवा. 200 मिमीवर शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं नको, हा जुना ठोकताळा नवशिक्याला अजूनही वाचवतो.

गंमत म्हणजे फोटोग्राफीच्या इतिहासात झूम तसं नवंच आहे. 35 मिमीच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स 1959 साली आली, फॉइग्टलेंडर या कॅमेरा कंपनीची झूमार, 36 ते 82 मिमी. त्याआधी सगळे चालत होते. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले (हे सांगितल्याशिवाय कुठल्याही बडोदेकराला पुढे जाता येत नाही), पुढे गोध्र्यात त्यांनी फोटोचा व्यवसायही करून पाहिला. गिऱ्हाइकाचा चेहरा मोठा हवा तर कॅमेरा तिपाईसकट उचलून पुढे न्यायचा, किंवा लेन्स बदलायची. उभं कुठे राहायचं हा प्रश्न रोज, प्रत्येक फोटोला पडत असणार.

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातल्या फाइन आर्ट्‌स फॅकल्टीमधले चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट हेही मला याच संदर्भात आठवतात. 1934 चा जन्म, भावनगरचे. 1950 मध्ये फॅकल्टी सुरू झाली तेव्हा इंदूरच्या आपल्या नारायण श्रीधर बेंद्र्यांच्या हाताखाली चित्रकला शिकायला आले. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खेड्यापाड्यांत हिंडून त्यांनी भिंतीवरची, अंगणातली लोकचित्रं कॅमेऱ्यात उतरवली. त्या फोटोंत नुसती नक्षी नाही. ती काढणारी बाई, ओसरी, पोरं, गुरं असं सगळं चित्राच्या शेजारी आपापल्या मापाने उभं असतं. भिंत केवढी आणि माणूस केवढा हे कळतं. मला वाटतं, चित्रकाराच्या सवयीने ते आधी जागा शोधत असावेत. दुरून नुसती नक्षी टिपायची तर ते काम कुणीही केलं असतं.

माणसांच्या बाबतीत अजून एक फरक आहे, आणि तो भूमितीत मावत नाही. कमाटीबागेत बाकावर पेपर वाचणाऱ्या आजोबांचा फोटो लांबून झूम करून काढला तर त्यांना कळतही नाही. जवळ जाऊन "काका, एक फोटो काढू?" म्हटलं तर ते आधी चष्मा सावरतात, मग तुम्ही कुणाचे, राहता कुठे, आजोळ दांडिया बाजारातलं का, हे सगळं होतं. बेसावध क्षण गेला, हे खरं. मात्र नंतर चेहऱ्यावर जे येतं ते तुमच्यासाठी आलेलं असतं. मला दुसरा फोटो आवडतो. पहिला आवडणारे माझे मित्र आहेत आणि आमचं यावरून सेव-उसळीच्या टेबलावर नियमित भांडण होतं.

काही ठिकाणी अर्थात निवड नसते. विश्वामित्री नदीतल्या मगरीचा फोटो पायांनी काढू नये. रंगमंच, क्रिकेट, घरट्यातला पक्षी, तिथे झूमच. सुरसागर तळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या 111 फुटी शंकराजवळही चालत जाता येत नाही, मध्ये पाणी आहे. पण पुढे जाता आलं नाही तरी बाजूला सरकता येतं. तळ्याला फेरी मारली की मूर्ती तेवढीच राहते, मागचं शहर मात्र पावलागणिक बदलतं. कुठे नुसतं आकाश, कुठे दुकानांचे फलक, कुठे खांद्यामागून डोकावणारी एखादी गच्ची.

भाचीला मी हीच फेरी गृहपाठ म्हणून दिली आहे. फोन दोन एक्सवर ठेवायचा आणि फेरी संपेपर्यंत आकडा बदलायचा नाही. बारा ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी आधी मूर्तीमागे काय येतंय ते तोंडाने सांगायचं, मगच कळ दाबायची. काठावर कुणी चणेवाला, कुणी फुगेवाला असेल तर त्याला पुढे घेऊन एकदा दोन पावलांवरून आणि एकदा दहा पावलांवरून काढायचा. दहा पावलांवरून काढताना मात्र झूमला परवानगी आहे, फुगेवाला पहिल्याएवढाच दिसेपर्यंत. दोन्ही फोटो शेजारी ठेवून फुगेवाला अंगठ्याने झाकायचा आणि मागचा शंकर किती वाढला ते बघायचं. काल रात्री तिने पहिले चार फोटो पाठवले. तिसऱ्यात फुगेवाल्याच्या मागे शंकर अगदी टेकून उभा आहे. खाली लिहिलंय: "मामा, इथे मी मागे जाता जाता बाकावर आपटले."