पार्श्वभूमी: शाळेच्या वेळापत्रकात नदी कुठून आली?

उगम, लांबी, उपनद्या, काठावरची शहरं आणि परीक्षेला कोरा नकाशा. भूगोलाच्या तासाला नदी पिढ्यानपिढ्या अशीच शिकवली गेली. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास दिला आणि नदीची गाठ गावच्या पाण्याशी, शेतीशी पडू लागली. पण नदी वाचवणं हा शाळेत शिकवण्याचा विषय आहे, हे ठरलं ते कोर्टात. तेही गंगेच्याच खटल्यात.

कानपूरजवळ गंगेत जे काही सोडलं जात होतं, त्याविरुद्धच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये आधी चामडं कमावणाऱ्या कारखान्यांचा निकाल दिला. जानेवारी १९८८ मध्ये पाळी आली शहराच्या पालिकेची. गोठ्यांतलं शेण, सांडपाण्याच्या वाहिन्या, नदीत सोडलेली प्रेतं अशा एकेका बाबीवर आदेश निघत गेले आणि त्यांतच शाळाही आली. पहिल्या दहा इयत्तांना आठवड्यातून किमान एक तास नैसर्गिक पर्यावरणाच्या रक्षणाचे धडे द्यावेत, त्यात वनं, सरोवरं, नद्या, वन्यजीव यावेत, आणि त्यासाठी केंद्राने पुस्तकं लिहून घेऊन मोफत वाटावीत, असं न्यायालयाने म्हटलं. आधार होता १९७६ मध्ये संविधानात आलेल्या मूलभूत कर्तव्यांचा. त्या कलमात ‘नद्या’ हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. मराठी पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीला याच कर्तव्यांची सुटसुटीत यादी असते. तिथे ‘नैसर्गिक पर्यावरणाचे जतन करावे’ एवढंच उरतं. नद्या गाळल्या गेल्या.

आदेशाचं पुढे काय झालं, यावरच खरा वाद आहे. १९९१ मध्ये दुसऱ्या एका याचिकेवर त्याच न्यायालयाने पर्यावरण हा सक्तीचा विषय करायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान टोचले, २००४ मध्ये अभ्यासक्रम तयार झाला. आणि लगेच २००५ च्या आराखड्याने वेगळ्याच बाजूला वजन टाकलं: पर्यावरणाचा स्वतंत्र विषय करून दप्तराचं ओझं वाढवू नका, तो सगळ्याच विषयांत मिसळा.

कागदावर हे पटतं. नदी काही एका विषयाची नाही. प्रत्यक्षात मात्र मिसळण्याच्या नादात तिचे तुकडे झाले. नववीच्या भूगोलात ‘व्ही’ आकाराची दरी आणि नागमोडी वळणं, विज्ञानात जलप्रदूषणाचा एक परिच्छेद, इतिहासात सिंधूकाठची नगरं, दहावीला गंगेच्या जोडीला ॲमेझॉन. हे सगळं एकाच प्रवाहाबद्दल आहे, हे सांगणारा शिक्षक वेळापत्रकात कुठेच नाही. स्वतंत्र विषयाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: तास असेल तरच शिकवलं जातं. पण जिथे तास मिळाला, तिथे तो श्रेणीचा, म्हणजे गुणांऐवजी श्रेणी देण्याचा विषय म्हणून मिळाला. थोडक्यात, परीक्षा तोंडावर आली की गणिताने गिळायचा तास. उरते ती प्रकल्पवही. एका रात्रीत उतरवलेली, मुखपृष्ठावर निळ्या स्केचपेनची नदी, आत मित्राच्याच वहीतली वाक्यं. दोन्ही बाजूंनी आपापली फजिती पाहिली आहे. तरी माझा कल तासाकडे आहे, कारण वाईट शिकवलेला तास निदान सुधारता तरी येतो.

महाराष्ट्रात २०१९ पासून अकरावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आलं, पाठोपाठ नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’. या नावाने थोडा घोळ घातला. अन्नसुरक्षा म्हणजे पुरेसं अन्न, पण रस्ता सुरक्षा म्हणजे रस्त्यावर जीव सांभाळणं. मग जलसुरक्षा कुठल्या चालीवर वाचायची? अभ्यासक्रमाला पहिला अर्थ अभिप्रेत आहे: पाण्याची उपलब्धता, वापर, बचत, व्यवस्थापन. या मांडणीत नदी पाण्याचा एक स्रोत होऊन बसते, विहीर आणि बोअरवेलच्या रांगेत. तिच्यावर जगणारे मासेमार, वाळू उपसल्यावर ढासळणारे काठ, पूररेषेच्या आत चढलेल्या इमारती यांना ‘बचत’ या शब्दात जागा मिळणं अवघड.

२ ऑक्टोबर २०२२ ला राज्यात ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू झालं. ७५ नद्यांची निवड झाली, काठाकाठाने नदीसंवाद यात्रा निघाल्या, आणि नदी निदान नावाने तरी परत आली. वर्ग घेऊन काठावर जायचं म्हटलं, की मात्र जलसुरक्षेचा तो दुसरा अर्थ आडवा येतो. मुलं पाण्यात बुडाल्याच्या बातम्या सगळ्यांच्याच लक्षात आहेत. पालकांचं संमतिपत्र, पोहता येणारा माणूस सोबत, जबाबदारी कोणाची हा प्रश्न. एवढं जमवण्यापेक्षा मुख्याध्यापक सहल किल्ल्यावर नेतात आणि नदी फळ्यावरच काढली जाते.