व्हॉल्व्ह लीक आहे, पण ईएफ ६०?

टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये ‘सिव्हिअर एमआर’ वाचून घरचे हादरतात, आणि खाली ‘ईएफ ६० टक्के’, म्हणजे हृदयाच्या पंपिंगचा आकडा, दिसलं की हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच जरा अवघड आहे.

एमआर म्हणजे मायट्रल झडपेची गळती. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये ही झडप असते. खालचा कप्पा आवळला की तिचे दोन पडदे घट्ट मिटायला हवेत. नाही मिटले, तर शरीराकडे निघालेलं थोडं रक्त उलटं वर जातं. हृदयाचे ठोके दिवसाला सुमारे एक लाख. प्रत्येक ठोक्याला ही उलटी फेरी.

एका ठोक्याला खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडलं, एवढंच ईएफ सांगतो. ते गेलं कुठे, हे सांगत नाही. मागे गळलेलं रक्तही ‘बाहेर पडलं’ याच खात्यात जमा होतं. त्यातून वरच्या कप्प्यात दाब कमी, तिकडे रक्त ढकलायला कष्ट पडत नाहीत. त्यामुळे आकडा फुगतो. निरोगी माणसाला ६० उत्तम. पण गळती तीव्र असेल आणि ईएफ ६० पर्यंत उतरला असेल, तर त्रास नसला तरी ऑपरेशनचा विषय निघतो. आवळलेल्या कप्प्याचा व्यास ४० मिमी झाला, तरी तेच. (अगदी किरकोळ गळती मात्र धडधाकट माणसांच्या इकोतही दिसते. तिला घाबरू नये.)

हृदय वर्षानुवर्षं सांभाळून घेतं, तसा माणूसही. जिन्याऐवजी लिफ्ट, एका उशीच्या दोन उशा, आणि वर ‘वय झालं आता’. म्हणून ‘दम लागतो का?’ याला ‘नाही’ असं उत्तर येतं. त्यापेक्षा ‘आई, मागच्या दिवाळीत तू हाच जिना न थांबता चढली होतीस ना?’ हा प्रश्न बरा.

फुफ्फुसात किंवा पायांत पाणी साठू लागलं असेल, तर सकाळी चहाआधी वजनकाट्यावर उभं राहिलं की कळतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती चरबी नव्हे. डॉक्टरांना फोन करावा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, आणि पापड-लोणचं त्या हिशोबात धरून. चालणं बंद करायला सांगणारे नातेवाईक भरपूर भेटतात, पण किती चालायचं ते डॉक्टरांना विचारावं. दात-हिरड्या सांभाळाव्यात, कारण तिथले जंतू रक्तातून जाऊन खराब झडपेवर बसू शकतात.

आपल्याकडे तरुण वयात झडप बिघडण्यामागे अनेकदा लहानपणचा संधिवाताचा ताप असतो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंनंतर येणारा. पुन्हा आला तर झडप आणखी बिघडते, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. ते दुखतं, आणि बरं वाटतंय म्हणून मुलं टाळतात. किती वर्षं घ्यायचं हे डॉक्टर ठरवतात. तोवर पुढची तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावी.