बेसिनमधील भोवऱ्याची दिशा कोण ठरवते?

उत्तर गोलार्धात बेसिनमधले पाणी नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आणि दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने फिरत निचरते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. त्यामागील कोरिऑलिस परिणाम, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहत्या पाण्याची किंवा हवेची दिशा वळणे, खरा असल्यामुळे हा समज पटणे स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे मुंबईच्या अक्षांशावर जमिनीला तिथल्या उभ्या अक्षाभोवती (ध्रुवांना जोडणाऱ्या अक्षाभोवती नव्हे) एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे ७३ तास लागतात, तर बेसिन मिनिटभरात रिकामे होते. त्यामुळे नळाच्या धारेने किंवा हाताच्या हालचालीने पाण्यात आधीच आलेली फिरकी कितीतरी पटींनी प्रबळ ठरते. पाणी आणि हवा यांच्या एकत्रित प्रवाहाचे संगणकीय प्रारूप करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते: पात्राच्या भिंती व निचऱ्याचे तोंड, म्हणजे सीमास्थिती, तीच ठेवून आरंभीच्या फिरकीची दिशा तेवढी उलटली, तर भोवराही उलटतो. म्हणूनच आरंभस्थिती ही केवळ औपचारिकता मानू नये, असे मला आग्रहाने वाटते.

पडताळणी घरीही होते. बेसिन भरून पाणी एकदा एका दिशेने, नंतर दुसऱ्या दिशेने हलके ढवळावे आणि बूच काढावे. भोवरा ढवळण्याचीच दिशा घेतो. पृथ्वीचा प्रभाव दिसण्यासाठी १९६२ सालच्या एका प्रयोगात सुमारे १.८ मीटर व्यासाच्या टाकीतील पाणी तब्बल २४ तास निश्चल ठेवावे लागले होते.