अर्कात नेमकं उतरतं काय?

ठाण्यात पाऊस ओसरून ऑक्टोबरची काहिली सुरू झाली की मान, काखा, जांघा, कमरेचा पट्टा टेकतो ती जागा, सगळीकडे लाली आणि खाज. मग जांभळी नाक्याच्या बाजारात काही जण काष्ठौषधी शोधतात, तर काही जण मेडिकलमधून 'हर्बल' लिहिलेली ट्यूब आणतात. दोघांचाही समज एकच असतो: वनस्पतीचं आहे, गुण येईल, नाही आला तरी अपाय होणार नाही.

समजाचा दुसरा भाग तर बिब्बाच खोडून काढतो. बिब्ब्याचं काळं तेल अंगाला लागलं की कातडीवर फोड येतात, रसरस होते. 'बिब्बा उतला' हे घरोघरी ऐकलेलं आहे. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणून तर कैरीच्या देठाचा चीक ओठांभोवती लागला की काहींचं तोंड उततं. दाह शमवणारे पदार्थ झाडात असतात, तसे दाह पेटवणारेही असतात. कधीकधी एकाच पानात.

कोरफडीचंच बघा. बाल्कनीतल्या कुंडीतलं जाड पान बुडाशी कापून उभं धरलं की सालीलगतच्या नळ्यांतून पिवळा, उग्र वासाचा चीक ओघळतो. त्यात अ‍ॅलोइन असतं आणि ते अनेकांच्या कातडीला झोंबतं. कामाचा तो आतला पारदर्शक गर, ज्यात जवळजवळ ९९ टक्के पाणी आणि उरलेल्यात लांबलचक साखळ्यांच्या शर्करा असतात. चीक निथळू न देता पान सोलून थेट चेहऱ्यावर चोळणाऱ्याला खाज सुटली, तर दोष कोरफडीला कशाला द्यायचा?

प्रयोगशाळेत अर्क काढताना हीच निवड द्रावक, म्हणजे ज्या द्रवात वनस्पतीतले घटक विरघळवतात तो, करतो. पाण्यात शर्करा, टॅनिन, ग्लायकोसाइड उतरतात. अल्कोहोलमध्ये फ्लॅव्होनॉइड आणि हळदीतल्या कर्क्युमिनसारखी रंगद्रव्यं. तेलात किंवा हेक्झेन या पेट्रोलसारख्या द्रवात मेदात विरघळणारे घटक. म्हणजे एकाच मुळीचा काढा, टिंक्चर (अल्कोहोलमधला अर्क) आणि सिद्ध तेल ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने तीन वेगळी औषधं झाली. ट्यूबवर नुसतं वनस्पतीचं नाव वाचून फारसं काही कळत नाही, ते यामुळे.

अर्कात उतरलेलं सगळं कातडीत शिरतंच असंही नाही. कातडीचा सर्वांत वरचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा, पण भलता चिवट. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू धडधाकट कातडीतून सहसा आत जात नाहीत, असा ठोकताळा औषधशास्त्रात वापरतात. दाहाने कातडी फाटली, सोलवटली असेल तर अर्थातच जास्त काही आत शिरतं, नको असलेलंही.

हा ठोकताळा ज्येष्ठमधाला लावला की गंमत कळते. काडी चघळल्यावर जी गोडी लागते ती ग्लायसिरायझिनची. त्याचं वजन सुमारे ८२३ डाल्टन, पाण्यात उतरणारं, पण धडधाकट कातडीतून आत जायला अवजड. त्याला जोडलेले शर्करेचे दोन तुकडे तोडले की उरतं ग्लायसिरेटिनिक आम्ल, सुमारे ४७१ डाल्टनचं आणि मेदात विरघळणारं. आपलं शरीर दाह आवरायला कॉर्टिसोल हे संप्रेरक वापरतं, पण कातडीतलं एक विकर (एन्झाइम) त्या कॉर्टिसोलचं निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करत राहतं. ग्लायसिरेटिनिक आम्ल नेमकं त्या विकराला अडवतं. कॉर्टिसोल जास्त वेळ टिकतं आणि लाली उतरायला मदत होते. या आम्लामुळे त्वचेवर हायड्रोकॉर्टिसोनचा (औषध म्हणून वापरलेल्या कॉर्टिसोलचा) जोर वाढतो, हे दाखवणारा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. वनस्पतीतला पदार्थ दाहावर कसा काम करतो याचं इतकं स्वच्छ उत्तर फार थोड्या बाबतीत मिळतं, म्हणून मला ज्येष्ठमध हळदीपेक्षा वरचढ वाटतो.

हळदीबद्दल असं बोललं की आपल्याकडे लोक दुखावतात. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करवलं, याचा अभिमान आहेच. पण ते रद्द झालं ते हा उपयोग आपल्याकडे आधीपासून माहीत होता म्हणून. गुण किती येतो याचा निवाडा तिथे झालाच नव्हता. पेशींवरच्या प्रयोगांत कर्क्युमिन दाहाचा मुख्य खटका, एनएफ-कप्पा-बी हे पेशीतलं प्रथिन, दाबून ठेवतं. वजनही हलकं, ३६८ डाल्टन. अडचण अशी की ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, उजेडात विटतं, आणि शरीराच्या तापमानाच्या साध्या उदासीन द्रावणात अर्ध्या तासात त्यातलं बहुतेक मोडून जातं. वाळलेल्या हळकुंडात ते असतं दोन ते पाच टक्के. संशोधक त्याला मेदाच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळून आत पोचवायच्या मागे लागलेत, ते उगाच नाही.

मग एखादं 'शुद्ध हर्बल' मलम दोन दिवसांत जादू कशी करतं? इथे संशय घ्यावा. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी रुग्णांनी आणलेली ११ चिनी वनौषधी मलमं तपासली, तर आठांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघालं. लेबलवर त्याचा पत्ता नव्हता.

आपल्या दमट हवेत हे जास्त महागात पडतं, कारण इथली खाज पुष्कळदा बुरशीची असते. गजकर्णावर स्टिरॉइड लागलं की लाली पटकन उतरते, पण बुरशी आतल्या आत पसरते आणि मलम थांबवताच कड दुप्पट रुंद होऊन वर येते. कड उठावदार आणि मधला भाग निवळलेला असा गोल चट्टा दिसला, तर आधी डॉक्टरला दाखवावा. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे का ते लगेच कळतं. नुसता कोरडा, खाजरा चट्टा असेल आणि अर्क लावून बघायचाच असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दोन-तीन दिवस लावून पाहावं. अ‍ॅलर्जीची लाली लगेच उठतेच असं नाही, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येते.