सायकल टूरवर नोंदी करताय? आयनॅचरलिस्ट वेगळं, ईबर्ड वेगळं

किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकल मारणारे आता बरेच झालेत, त्यातल्या काहींना जाता जाता वन्यजीव संशोधनाला हातभारही लावायचा असतो. पण आयनॅचरलिस्ट आणि ईबर्ड यातलं ॲप कुठलं टाकू विचारलं की उत्तर ठरलेलं, कुठलंही टाक रे, दोन्हीकडे फोटोच तर टाकायचाय. इथेच गोची आहे.

आयनॅचरलिस्ट म्हणजे "इथे हे होतं" याचा पुरावा. एक जीव, त्याचा फोटो किंवा आवाज, तारीख, लोकेशन, बस. साप, बेडूक, खेकडा, झाड काहीही चालतं, नाव माहीत नसलं तरी चालतं, कारण ओळखायला बाकीचे बसलेत आणि त्यांच्यात दोन तृतीयांशाहून जास्त जणांचं एका प्रजातीवर जमलं की नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी, होते. अपलोड रात्री मुक्कामाला नेट मिळालं की.

आणि मेलेलंसुद्धा चालतं! सायकलवाल्याचा खरा उपयोग इथे आहे असं माझं मत. गाडीतून ऐंशीच्या स्पीडने जाणाऱ्याला चेपलेला बेडूक काय दिसणार, आपल्याला चढावर तो चाकाच्या पुढ्यातच दिसतो. धामण, कांडेचोर, काहीही असो, शेजारी हातमोजा नाहीतर पंप ठेवायचा म्हणजे साइज कळते, एक फोटो वरून, एक तोंडाकडून, शेपूट शाबूत असेल तर तिचा वेगळा, आणि नंतर नोंदीत "डेड" ही खूण करायची. घाटातल्या वळणावर मात्र थांबायचं नाही, कितीही दुर्मिळ असलं तरी.

ईबर्ड फक्त पक्ष्यांचं, आणि तिथे फोटो दुय्यम. तिथे यादी असते: किती वाजता सुरू केलं, किती वेळ, किती अंतर, आणि शेवटी एक प्रश्न, ओळखता आलेले सगळे पक्षी टाकलेत का? लोक बिनधास्त "हो" दाबतात. आता तुम्ही गुहागरला अर्धा तास थांबून नुसता समुद्री गरुड टाकलात आणि "हो" म्हणालात तर त्याचा अर्थ होतो की गुहागरात अर्धा तास एकही कावळा दिसला नाही 😄 कारण पूर्ण यादीत जे नाही तेही मोजलं जातं, आणि कुठला पक्षी वाढतोय, कुठला कमी होतोय हे त्यावरूनच काढतात. 2023 चा स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स रिपोर्ट असाच झाला, साधारण 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटींवर नोंदींमधून. म्हणून कावळा, साळुंकी, घार सगळं टाकायचं, कंटाळा आला तरी. आयनॅचरलिस्टवर कावळा नाही टाकला तर कोणी काही समजत नाही.

मग दिवसभराच्या राइडची एकच लांबलचक यादी करू का? नको. 70-80 किमीत सडा (कातळाचं पठार) येतो, खाडी येते, बाजार येतो, मग कुठला पक्षी कुठला हे कोणालाच कळत नाही. याद्या छोट्या ठेवा, 8 किमीच्या आत, जागा बदलली की नवी. दाभोळला ॲपमधला ट्रॅक (अंतर-वेळेची मोजणी) बंद करायचा राहतो, माणूस सायकलसकट फेरीबोटीत चढतो, धोपाव्याला उतरून खानावळीत जेवतो आणि ॲप आपलं मोजतंच असतं, खाडीसुद्धा आणि सोलकढीसुद्धा. शिवाय हेडविंडमध्ये मान खाली घालून पेडल मारताना पक्षी बघणं हे काही सर्व्हे नव्हे, तेव्हा एखादी ब्राह्मणी घार दिसली तर ती "इन्सिडेंटल" (जाता जाता सहज दिसलेली) म्हणून टाका, त्यासाठीच तो पर्याय आहे. पूर्ण यादी चहाच्या थांब्यावर करा, पंधरा मिनिटं, डोकं वर करून. हर्णै बंदरात हिवाळ्यात कुरव मोजायला लागलात तर पंधराची पाऊण तास कधी झाली कळणार नाही ते सोडा.

म्हणजे चालवताना आयनॅचरलिस्ट, थांबल्यावर ईबर्ड, मी तरी असंच सांगते सगळ्यांना. आणि हो, खवल्या मांजरासारख्या धोक्यातल्या बऱ्याच प्राण्यांचं नेमकं लोकेशन आयनॅचरलिस्ट आपणहून लपवतं, पण तुम्ही तोच फोटो स्ट्राव्हाच्या (राइडचा रस्ता नोंदवणारं ॲप) राइडला जोडून ग्रुपवर टाकलात तर मग लपवून उपयोग काय.