पैलवानाचा कान का मोडतो?

सोलापुरात जुन्या तालमीच्या कट्ट्यावर बसलेला वस्ताद लांबूनच ओळखू येतो, तो त्याच्या कानांवरून. कानाच्या वळ्या, खाचा काही उरलेल्या नसतात. कान जाड आणि टणक होऊन बसलेला असतो. आमच्याकडे अशा कानाला मान आहे. माझे थोरले चुलते तो मिरवायचे. पण त्या कानात घडतं काय, हे कळायला आधी तिथं रक्त कसं पोचतं ते पाहावं लागतं.

कानाच्या भोकापुढे छोटा टणक उंचवटा असतो. त्याच्या अगदी पुढे बोट हलकेच टेकवा. ठोके लागतात ना? ती कानशिलाची धमनी. मानेतून वर चढणाऱ्या बाह्य ग्रीवा धमनीची ही शेवटची फांदी. वर जाता जाता ती कानाच्या पुढच्या भागाला बारीक फाटे देते. त्याच ग्रीवा धमनीची दुसरी फांदी कानामागून चढते, ती पश्च कर्णधमनी. कानाची बरीचशी भिस्त हिच्यावर. हिचे काही फाटे तर कूर्चेतून, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या लवचिक, मऊ हाडासारख्या भागातून, आरपार पुढच्या बाजूला येतात. कानाच्या नळीला आणि पडद्याच्या बाहेरच्या अंगाला रक्त देणारी धमनी वेगळी, ती जबड्याकडच्या धमनीतून निघते.

पुढचे-मागचे फाटे एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे कानाला रक्ताची ददात नाही. मे महिन्यात भर दुपारी घरी आलं की कान लालबुंद दिसतात, ते याच वाहिन्या उष्णता बाहेर टाकायला रुंदावल्यामुळे.

गंमत अशी, की एवढ्या रक्ताच्या मधोमध असलेल्या कूर्चेत स्वतःची एकही रक्तवाहिनी नसते. तिच्यावर पातळ आवरण असतं, त्यातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. कुस्तीत डोक्याला डोकं घासतं, कान रगडला जातो, आवरण कूर्चेपासून सुटतं आणि मधे रक्त साठतं. खाली कूर्चा उपाशी राहून मरते. साठलेल्या रक्ताच्या जागी वेडीवाकडी, टणक पेशीजालं वाढतात. तोच मोडलेला कान.

कान टोचतानाही हा फरक जाणवतो. खालच्या मऊ पाळीत कूर्चा नाही, तिथलं भोक लवकर भरतं. भिकबाळीचं भोक मात्र कूर्चेतून जातं. तिथं पू झाला तर औषधही रक्तावाटे जेमतेम पोचतं. असा कान दुखायला, सुजायला लागला तर घरगुती लेपांत दिवस घालवू नयेत.

गेल्या वर्षी गल्लीतला एक पोरगा सरावानंतर टम्म फुगलेला कान घेऊन आला. हाताला तो पाण्याच्या फुग्यासारखा मऊ लागत होता. म्हणजे वेळ गेली नव्हती. त्याला त्याच रात्री कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी साठलेलं रक्त काढलं, पुन्हा साठू नये म्हणून वळीवळीत कापूस बसवून घट्ट पट्टी बांधली. वस्तादांनी त्याला आखाड्यात उतरू दिलं नाही. पट्टी सुटली तेव्हा कानाची प्रत्येक वळी जागच्या जागी होती.