गाळलेला शब्द मन कसं भरून काढतं?

'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.' सातच शब्द, तेही साधे. तरी 'बार्न'पर्यंत सुरळीत आलेला वाचक 'फेल'पाशी अडखळतोच. घोडा कोठारावरून दौडत गेला, वाक्य संपलं. मग हे 'पडला' कुणाचं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बेव्हर यांनी १९७० साली मांडलेलं हे वाक्य व्याकरणात बिनचूक आहे. अर्थ असा : कोठारावरून दौडवत नेलेला घोडा पडला.

इथे दोन गोष्टी एकाच जागी आल्या आहेत. 'हॉर्स'नंतरचे 'दॅट वॉज' गाळले आहेत; इंग्रजीत तशी मुभा आहे. शिवाय 'रेस्ड' म्हणजे 'दौडला'ही आणि 'दौडवलेला'ही. मन वाक्य संपायची वाट पाहत नाही, शब्द येईल तसा अर्थ लावत जातं आणि 'घोडा दौडला' हा सोपा अर्थ धरून बसतं. 'रेस्ड'ऐवजी 'ड्रिव्हन' लिहून पाहा. अडखळणं जवळजवळ जातं, कारण 'हाकलं' या अर्थाचं रूप 'ड्रोव्ह' असं वेगळं आहे. आपल्या मराठीत 'दौडला' आणि 'दौडवलेला' यांत गोंधळ होतच नाही. पण इंग्रजी मातृभाषा असणारेही या वाक्यावर थबकतात. तेव्हा ते चटकन कळलं नाही म्हणून कुणी स्वतःचं इंग्रजी कच्चं समजू नये.

एकट्या शब्दाचंही असंच. 'बग्ज' म्हणजे किडे, तसंच चोरून ऐकण्याची छुपी यंत्रं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ च्या प्रयोगात लोकांना हा शब्द वाक्यात ऐकवला आणि त्याच क्षणी पडद्यावर दुसरा शब्द दाखवला. वाक्यात कोळी, झुरळं यांचा स्पष्ट उल्लेख असूनही 'मुंगी'इतकाच 'हेर' हा शब्दही लोकांनी झटकन ओळखला. तीनच अक्षरं पुढे गेल्यावर मात्र हेर मागे पडला, मुंगी उरली. नको असलेला अर्थही क्षणभर जागा होतो, हे मला या साऱ्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

गाळलेल्या 'दॅट'ची खूण डोळ्यांतही दिसते. 'ही न्यू द आन्सर वॉज राँग' (उत्तर चूक आहे, हे त्याला माहीत होतं) वाचताना 'त्याला उत्तर माहीत होतं' असं वाटतं आणि 'वॉज' येताच ते मोडतं. लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर या संशोधकांनी १९८२ मध्ये अशी वाक्यं वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. अर्थ उलटतो तिथे नजर जास्त रेंगाळते, कधी मागेही वळते. 'न्यू'नंतर 'दॅट' लिहिला, की 'वॉज'पाशी थांबायचं कारणच उरत नाही.